घरच्या घरी वस्तरा पाजवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तऱ्यानं दाढी करायला लागून मला अकरा वर्षं झाली. या काळात लोकांनी विचारलेले प्रश्न मी एका वहीत टिपत गेलो. त्यातले बरेचसे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक आला तर ते उत्तरही वाचा, कारण तीच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ९ वाचल्याशिवाय दगड ओला करू नका.

१. सलूनमध्ये असतो तोच हा वस्तरा का?

दिसायला सारखा, पण वेगळा. सलूनमधल्या वस्तऱ्याच्या खाचेत दाढीचं ब्लेड अर्धं करून बसवतात आणि गिऱ्हाईक झालं की टाकून देतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून बचाव म्हणून ही पद्धत रूढ झाली आणि ती योग्यच आहे. त्या वस्तऱ्याला धार लावायचा प्रश्नच येत नाही. इथे आपण बोलतोय ते अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याबद्दल, जो पूर्वी प्रत्येक नाभिकाच्या धोकटीत असायचा.

पुढे काही शब्द सारखे येतील. पात्याची वरची जाड कड म्हणजे पाठ. मुठीकडचा भाग म्हणजे टाच, दुसरा शेवट म्हणजे टोक. धारेला दोन्ही बाजूंनी जो अरुंद, चकाकता उतार असतो त्याला बेव्हल म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरणार आहे.

२. पट्ट्यावर ओढणं आणि दगडावर पाजवणं यात फरक काय?

पट्टा धार सांभाळतो, दगड धार तयार करतो. दाढी करताना धारेची अगदी शेवटची कड सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि मळते. कापड आणि चामड्यावर ओढलं की ती पुन्हा सरळ आणि स्वच्छ होते. यात पोलाद जवळजवळ झिजत नाही, म्हणून पट्टा प्रत्येक दाढीच्या आधी. दगड पोलाद खातो, म्हणून तो काही महिन्यांतून एकदा. नीट ओढूनसुद्धा वस्तरा गालावर अडखळायला लागला आणि हे लागोपाठ दोन-तीन दाढ्यांना झालं, की दगड काढायची वेळ झाली असं समजा.

३. शिकायला कोणता वस्तरा घ्यावा?

जर्मनीतल्या झोलिंगन गावात बनलेला, कार्बन पोलादाचा, सरळ धारेचा. रुंदी ५/८ किंवा ६/८ इंच, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटर. वापरलेला असला तरी चालेल, फक्त प्रश्न १८ मधल्या गोष्टी तपासून घ्या. झोलिंगन हे नाव त्या गावाबाहेरच्या मालावर घालता येत नाही, तसा जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे. त्यामुळे अस्सल शिक्क्याला काही अर्थ असतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने, जड वस्तरेही उत्तम असतात, पण त्यातल्या बऱ्याच पात्यांना कमान असते आणि पहिल्याच वस्तऱ्याला ती नको (प्रश्न २४).

ऑनलाइन मिळणारा अगदी स्वस्त वस्तरा शिकण्यासाठी बरा, असा समज आहे. मला तो पटत नाही. अशा पात्यांची पाठ एकसारखी नसते, टाचेजवळचा जाड खांदा दगडावर आधी टेकतो आणि धार हवेत राहते. मग चूक हाताची की वस्तऱ्याची, हे शिकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

४. दगड किती लागतात? कोणते?

मी चार वापरतो: १०००, ४०००, ८००० आणि १२०००. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. जपानी मोजमापात १००० च्या दगडाचा कण साधारण ११ ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ४००० चा ३ मायक्रॉनच्या आसपास, ८००० चा सव्वा मायक्रॉनच्या जवळ. नानिवा, शॅप्टन, किंग, नॉर्टन या कंपन्यांचे दगड जगभर वस्तऱ्यासाठी वापरले जातात. ४००० ऐवजी ३००० किंवा ५००० असला तरी काही बिघडत नाही. किंगसारखे काही दगड दहा मिनिटं पाण्यात भिजवावे लागतात, तर काहींवर नुसतं पाणी शिंपडलं की पुरतं. दुसऱ्या प्रकारचे दगड भिजत ठेवले तर तडकू शकतात, म्हणून खोक्यावरची सूचना वाचा.

पैसे जपून खर्च करायचे असतील तर १००० आणि ८००० चांगले घ्या, मधल्याचं काम लॅपिंग फिल्मवर भागवा (प्रश्न ६). १००० लागतो क्वचित. एकदा बेव्हल नीट बसला की तो वर्षानुवर्षं कपाटात राहतो आणि नंतरची सगळी निगा ८००० च्या पुढेच होते.

नैसर्गिक दगडांबद्दलही विचारणा होते. बेल्जियममधल्या आर्डेनचा पिवळसर कोटिक्युल, जर्मनीतल्या थुरिंगियाचा पाटीसारखा दगड, क्योटोच्या आसपासच्या खाणींतले जपानी दगड, हे सगळे वस्तऱ्याच्या इतिहासातले मानाचे दगड आहेत. कोटिक्युलमध्ये गार्नेटचे बारीक स्फटिक असतात. दगड घासून वर गाळ काढला तर तो भराभर कापतो, नुसतं पाणी ठेवलं तर हळूहळू चकाकी देतो. एकाच दगडात दोन स्वभाव असणं ही मोठी सुंदर गोष्ट आहे. पण प्रत्येक तुकडा निराळा निघतो, म्हणून आधी कृत्रिम दगडांवर हात बसवा.

५. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दगड चालेल का?

नाही. तो सुतारांच्या पटाशीला आणि विळ्या-कोयत्यांना लागतो. त्याची बारीक बाजूसुद्धा वस्तऱ्यासाठी फार खरबरीत असते. एका फेऱ्यात असे ओरखडे पडतात की ते काढायला १००० वर अर्धा तास जातो.

६. वॉटरपेपरवर धार लावता येईल का? २००० चा पेपर म्हणजे २००० चा दगड का?

आकडे सारखे दिसले तरी मोजमाप वेगळं असतं. पेपरच्या मागे पी २००० असं छापलेलं असेल तर तो युरोपीय मोजमापाचा आहे. त्याचा कण सुमारे १० मायक्रॉनचा, म्हणजे जपानी १००० च्या दगडाच्या जवळचा. पेपर २००० चा होता म्हणून थेट ८००० वर गेलो आणि धार आलीच नाही, असं सांगणाऱ्यांची अडचण बहुतेक इथेच असते.

पेपरपेक्षा लॅपिंग फिल्म बरी. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर अपघर्षक कण बसवलेले असतात आणि आकारमान थेट मायक्रॉनमध्ये दिलेलं असतं: १२, ९, ५, ३, १, ०.३. जाड काचेच्या तुकड्यावर पाणी टाकून फिल्म चिकटवायची आणि त्यावर पाजवायचं. काच सपाट म्हणून फिल्मही सपाट, ही तिची खरी जमेची बाजू. खाली बुडबुडा किंवा कचरा राहिला तर मात्र धार तिथेच कापली जाते, म्हणून काच दोनदा पुसा.

७. दगड नवाच आहे, तरी सपाट करायचा का?

हो, नवासुद्धा. दगडाच्या पृष्ठभागावर पेन्सिलनं चौकटी आखा. जाड काचेवर २२० ते ४०० चा वॉटरपेपर ओला करून पसरा आणि दगड त्यावर घासा. सगळ्या रेषा एकदम पुसल्या गेल्या की दगड सपाट. मध्येच कुठे रेष उरली तर तिथे खळगा आहे. काचेऐवजी कडप्पा वापरू नका, तो डोळ्याला सपाट वाटला तरी नसतो. डायमंड प्लेट असेल तर काम लवकर होतं. कडा आणि कोपरे किंचित गोल करून घ्या, नाहीतर धार तिथे आपटून खाड, म्हणजे कडेत बारीक खोच, पडते.

८. कोन किती अंशांचा ठेवायचा?

कोन तुम्हाला ठेवायचाच नाही. वस्तऱ्याची ही रचना मला आजही थक्क करते. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. बनवणाऱ्यानं तो पाठीच्या जाडीत आधीच बसवून ठेवला आहे. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साडेतीन पट असली तर दोन्ही बाजू मिळून कोन १६ अंशांच्या आसपास येतो, तीन पट असली तर १९ अंशांच्या. बहुतेक चांगले वस्तरे या दोहोंच्या मधले असतात.

म्हणून नियम एकच: पाठ दगडावरून उचलायची नाही. फेरा संपल्यावर पातं उलटतानाही पाठीवरच कूस बदलायची. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या उत्तम पाजवणाऱ्यांना हे जड जातं, कारण त्यांच्या मनगटाला कोन धरायची सवय असते.

९. बेव्हल बसवणं म्हणजे नेमकं काय? तो बसलाय हे कसं कळतं?

सगळं इथे आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ याच एका पायरीत निघतं, म्हणून सविस्तर लिहितो.

धार म्हणजे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ. ते टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे मिळाले तर बेव्हल बसला. कुठे केसभर जरी मिळायचे राहिले, तरी तिथे धार नाही, एक अरुंद सपाटी आहे. ती तुम्ही ८००० वर घासा की १२००० वर, फक्त जास्त चकाकेल, कापणार नाही. बारीक दगड दुरुस्ती करत नाही. तो आधीच्या दगडानं केलेलं काम गुळगुळीत करतो, इतकंच. पहिल्या वस्तऱ्यावर मी ओळीनं तीन संध्याकाळी ८००० च्या दगडावर घालवल्या. पातं आरशासारखं झालं आणि गालावर मात्र ओढत राहिलं. चौथ्या दिवशी १००० वर परत गेलो आणि चाळीस मिनिटांत धार उभी राहिली.

कृती अशी. बेव्हलच्या दोन्ही बाजूंवर काळ्या पर्मनंट मार्करची रेघ ओढा. १००० वर अगदी हलके चार-पाच फेरे मारा. शाई कुठे गेली ते पाहा. पाठीकडची गेली आणि धारेलगत काळी रेघ उरली, तर दगड अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. फक्त टाचेची किंवा फक्त टोकाची राहिली, तर पातं तिथे टेकत नाहीये. मग दोन्ही बाजूंना सारखे फेरे मारत काम करा, पुन्हा मार्कर लावा, पुन्हा बघा.

बसला का, हे ओळखायला मी तीन खुणा बघतो आणि तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जात नाही. पहिली: दिव्याखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरा, जणू ती तुमच्याकडेच बघतेय. चांगली धार दिसतच नाही. कुठेही पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली तर तिथे सपाटी किंवा खाड आहे. दुसरी: सोनार वापरतात तसल्या दहापट भिंगाखाली ओरखडे थेट कडेपर्यंत गेलेले दिसले पाहिजेत. तिसरी: दंडावरचे केस कातडीला लागून, पात्याच्या प्रत्येक भागानं सारखे निघाले पाहिजेत. टाच, मध्य, टोक, तिन्ही वेगवेगळे तपासा. टोक बहुधा मागे राहतं.

१०. प्रत्येक दगडावर किती फेरे मारायचे?

आकडा सांगायला मी नकार देतो, कारण आकडा धरून चालणारा माणूस पात्याकडे बघत नाही. १००० वर बेव्हल बसेपर्यंत, मग ते तीस फेरे असोत की तीनशे. पुढच्या प्रत्येक दगडावर आधीच्या दगडाचे ओरखडे भिंगाखाली दिसेनासे होईपर्यंत. बेव्हल पक्का असेल तर ४००० आणि ८००० वर हे चाळीस-पन्नास फेऱ्यांत होतं, १२००० वर त्याहून कमी. दगड बदलताना पातं आणि हात धुवा. खरबरीत दगडाचा एक कण बारीक दगडावर गेला तर तासाभराचं काम वाया जातं.

११. हात कसा चालवायचा? दाब किती?

धार पुढे, पाठ मागे. दगडावरून पातळ साय काढावी तसं पातं ढकलायचं. दगड पात्याहून अरुंद असेल तर तिरकं चालवायचं: सुरुवातीला टाच दगडावर, फेरा संपताना टोक. परतीचा फेरा उलट बाजूनं तसाच. दोन्ही मिळून दगडावर फुली उमटते.

दाब फक्त १००० वर सुरुवातीला, तोही बोटाच्या वजनाइतका. पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं आणि म्हणून लवचीक असतं. जोर दिला की ते वाकतं आणि कड दगडापासून उचलली जाते किंवा नको तितकी घासली जाते. पुढे दाब कमी करत न्या आणि शेवटच्या दगडावर पात्याचं स्वतःचं वजन तेवढंच. आमच्या गल्लीत चाळीस वर्षं दुकान चालवलेले नाभिक काका माझा हात बघून एवढंच म्हणाले होते, “दाबू नकोस रे, वाहू दे.” पाणी पात्याच्या पुढे लाटेसारखं सरकत राहिलं आणि शेवटी धारेवर चढलं, तर पातं नीट टेकलंय.

१२. पाठीवर टेप लावायची का?

दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, दोन्ही ठीक आहेत. पाठीवर वायरिंगच्या टेपचा एक थर लावला तर पाठ झिजत नाही आणि नक्षी किंवा सोनेरी मुलामा वाचतो. त्यानं कोन मात्र एकूण सुमारे एक अंशानं वाढतो. म्हणून आज टेप लावून पाजवलं तर पुढच्या वेळीही लावा. मध्येच काढली तर दगड धारेपर्यंत पोचत नाही आणि प्रश्न ९ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. टेप झिजली की बदला आणि शेवटच्या दगडासाठी नवी लावा. मी साध्या वस्तऱ्यांना लावत नाही. पाठ आणि बेव्हल एकत्र झिजले तर कोन तसाच राहतो आणि बनवणाऱ्याचा हेतूही तोच होता.

१३. धार तयार झाली हे दाढी न करता कसं ओळखायचं?

डोक्यावरून गळलेला एक केस घ्या, धुवा, मुळाकडून धरा आणि लोंबतं टोक धारेवर अलगद टेकवा. ८००० नंतर केस बहुधा अडकून तुटतो, १२००० आणि पट्ट्यानंतर आवाज न करता पडतो. केस जाड-बारीक असतात, म्हणून दर वेळी एकाच माणसाचा केस वापरा. हातावरचे केस कातडीपासून पाच मिलिमीटर वर, टोकाटोकांनी उडाले तर तीही चांगली खूण. अंगठा धारेवरून फिरवून बघायची सवय मात्र सोडा. नखावर धार टेकवून बघायची पद्धत फक्त १००० पर्यंत ठीक, पुढच्या धारेला नख बिघडवतं.

शेवटचा निकाल गालच देतो. गालाच्या सपाट भागावर एक फेरा मारा, हनुवटीवर नको.

१४. पट्टा कोणता, आणि ओढायचा कसा? कमरेचा पट्टा चालेल?

कमरेचा पट्टा नको. त्यावर शिलाई, रंग आणि वळण असतं. लागतो तो सपाट, दोन-अडीच इंच रुंद, गुळगुळीत चामड्याचा पट्टा. त्याच्या जोडीला जाड सुती किंवा तागाचं कापड असलं तर उत्तम. चर्मकाराकडून शिलाई नसलेली, सारख्या जाडीची पट्टी कापून घेता येते. मी घेतली होती, सात वर्षं टिकली.

दगडाच्या उलट दिशा: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरा, कारण ढिला पडला की धार गोल होते. पट्ट्याच्या शेवटाशी पोचलात की थांबा, मगच पाठीवर कूस बदला. धार लोळवत उलटली की पट्टा कापला जातो, पहिल्या महिन्यात हे हमखास होतं. पाजवल्यावर कापडावर वीस आणि चामड्यावर पन्नास फेरे, रोजच्या दाढीआधी कापड कमी केलं तरी चालतं. वेग हा सवयीचा परिणाम आहे, सुरुवातीला हळू ओढा.

१५. हिरवी पेस्ट लावली तर दगडांची गरजच नाही का?

ती क्रोमियम ऑक्साइडची असते, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. चांगल्या धारेला आणखी काही दाढ्यांचं आयुष्य ती देते. बेव्हल बसवू शकत नाही. लावायचीच तर वेगळ्या पट्ट्यावर किंवा सपाट बाल्सा लाकडावर अगदी पातळ लावा आणि दहा-पंधरा फेऱ्यांवर थांबा. रोजच्या चामड्याला तिचा स्पर्श होऊ देऊ नका, एकदा मुरली की निघत नाही. पेस्टवर वारंवार ओढून ओढून धार गोलसर होते आणि मग १००० वर परत यावंच लागतं.

१६. सगळं नीट केलं, तरी वस्तरा ओढतो. काय चुकलं?

आधी दाढी भिजवण्याकडे बघा. गरम पाण्यानं दोन मिनिटं भिजवलेला केस कोरड्यापेक्षा कितीतरी मऊ होतो. मग पात्याचा गालाशी कोन. पाठीच्या जाडीइतकी, फार तर दुप्पट फट हवी, म्हणजे साधारण ३० अंश. सलूनच्या ब्लेडची सवय असलेले जास्त उभं धरतात. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर प्रश्न ९ मधल्या तिन्ही खुणा पुन्हा तपासा.

नेमका एकच भाग ओढत असेल तर मार्कर तिथे लावा. सगळंच पातं कापतं पण कातडी जळजळते, तर बहुधा धारेवर बर शिल्लक आहे (प्रश्न १७).

१७. जास्त पाजवलं तर धार बिघडते का?

बारीक दगडावर दाब देऊन खूप वेळ घासलं तर कड इतकी पातळ होते की ती तारेसारखी बाहेर लोंबते. वर्कशॉपमधले लोक जिला बर म्हणतात तीच ही. पहिला फेरा अप्रतिम कापतो, तिसऱ्याला ती तार तुटते आणि मागे करवत उरते.

उपाय: काचेच्या बाटलीच्या गुळगुळीत बाजूवरून धार एकदा, फक्त पात्याच्या वजनानं, अलगद ओढा. कड मुद्दाम मोडायची. मग ८००० वर हलके फेरे मारून ती पुन्हा मिळवा. बेव्हल आधी बसलेला असेल तर हे काम लवकर होतं. धार स्वतःच्या हातानं मोडायला मन धजत नाही, पण हाच मार्ग स्वच्छ आहे.

१८. जुन्या बाजारात वस्तरा मिळाला. घ्यावा का?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे अजूनही चांगले वस्तरे हाती लागतात. माझा पहिला वस्तरा पुण्याच्या जुन्या बाजारातलाच. घेण्याआधी चार गोष्टी बघा. पात्याला तडा आहे का: नखानं टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे. गंज धारेलगत आहे का: पाठीवरचा गंज निघतो, धारेजवळचे गंजाचे खड्डे आत शिरलेले असतात आणि पाजवताना कड तिथे कोसळत राहते. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजली आहे का. आणि पातं काचेवर ठेवल्यावर डुगडुगतं का (प्रश्न २४).

शिक्क्यावरून वय साधारण कळतं. पात्यावर जर्मनी असं देशाचं नाव कोरलेलं असेल तर तो वस्तरा बहुधा १८८७ नंतरचा, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्यानं परदेशी मालावर मूळ देश लिहिणं भाग पाडलं.

मुठीचीही चौकशी करा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजायला लागल्या की आम्ल सोडतात आणि पातं आतून गंजतं. अशी मूठ काढून टाका आणि ज्योतीपासून दूर ठेवा, ती झटकन पेटते. मूठ हस्तिदंताची असेल तर घेऊ नका. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला भारतात बंदी आहे.

१९. धारेला खाड पडली आहे. निघेल का?

नखाला जेमतेम अडकणारी असेल तर १००० वर निघते, वेळ लागतो. मिलिमीटरभर खोल असेल तर सगळी धार तितकी मागे न्यावी लागेल. त्यानं पात्याची रुंदी घटते आणि प्रश्न ८ मधला कोन वाढतो. एकट्या खाडेपाशी घासून ती घालवायचा प्रयत्न करू नका, तिथे पातं आत जातं.

२०. धार लावणाऱ्याकडे दिला तर?

दारावर येणाऱ्या धारवाल्याचं चाक सुऱ्या-कात्र्यांसाठी आहे आणि त्या कामात तो तरबेज असतो. वस्तऱ्याचं पातं कडेशी कागदाहून पातळ असतं. कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं, निळसर होतं आणि त्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरतं. पाणी उतरलेल्या पोलादावर धार टिकत नाही आणि घरी ते परत देता येत नाही. बेंच ग्राइंडरबाबतही हेच.

२१. स्टेनलेसच्या वस्तऱ्याला वेगळं काही करावं लागतं का?

कृती तीच. पोलाद चिवट असल्यामुळे १००० आणि ४००० वर वेळ जास्त लागतो आणि बर सहज सुटत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी तरीही त्याचा विचार करावा.

२२. पावसाळ्यात वस्तरा गंजतो. काय करू?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर न्हाणीघरात वस्तरा ठेवू नका, बस. दाढीनंतर धुवा, मऊ कापडानं पाठीकडून धारेकडे पुसा, कापडी पट्ट्यावर पाच-सहा फेरे मारून धारेतली ओल काढा आणि लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवा. औषधाच्या दुकानात ते मिळतं. खोबरेल नको, ते खवट आणि चिकट होतं. चामड्याच्या पेटीत बंद ठेवू नका, चामडं ओल धरतं. आठवडाभर वापर नसेल तर तेलकट कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवा. दाढीआधी तेल पुसायला विसरू नका, नाहीतर ते पट्ट्यात मुरेल.

२३. माझा वस्तरा भावाला वापरायला देऊ का?

देऊ नका. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि वस्तऱ्यानं नकळत बारीक जखमा होतात. पट्टासुद्धा एकाचाच असावा. जुना वस्तरा विकत घेतला असेल तर मूठ आणि पात्यामधली फट साबण-पाण्यानं घासून धुवा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये पातं भिजवा आणि दगडावर नवी धार काढल्यावरच वापरा. अल्कोहोल सेल्युलॉइडच्या मुठीला लागू देऊ नका.

२४. पातं सपाट टेकतच नाही. धार कमानदार आहे, किंवा पातं पिळलेलं आहे. अशा वेळी?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. धार मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना वर गेलेली असेल तर ती बनवतानाच तशी केलेली असू शकते. ती सरळ करू नका. फेरा मारताना पातं टाचेकडून टोकाकडे लोळवत न्या, म्हणजे प्रत्येक क्षणी फक्त एक छोटा भाग दगडावर राहील. मार्कर इथे सर्वांत जास्त उपयोगी.

धार मध्ये आत गेलेली असेल तर तो दोष आहे, वर्षानुवर्षं चुकीच्या किंवा खळगा पडलेल्या दगडावर घासल्याचा. ती १००० वर धैर्यानं सरळ करावी लागते. सुरुवातीला बेव्हल फक्त टाचेला आणि टोकाला दिसेल, मग दोन्हीकडून मध्याकडे सरकत जाईल.

पातं पिळलेलं असेल तर काचेवर एका बाजूनं डुगडुगतं आणि दुसऱ्या बाजूनं नीट बसतं किंवा मध्ये टेकत नाही. ते हातानं वाकवून सरळ करायला जाऊ नका, पाणी दिलेलं पोलाद काडीसारखं तुटतं. एक-दीड इंच रुंदीचा दगड घ्या, किंवा मोठा दगड उभा धरून त्याची अरुंद बाजू सपाट करून वापरा, आणि तिरक्या फेऱ्यात पातं हलकं लोळवा. अरुंद दगड खळग्यात उतरतो, रुंद दगड त्यावरून पूल बांधून जातो. बेव्हल एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे बारीक, वेडावाकडा दिसेल. दिसू द्या. दोन्ही उतार कडेपर्यंत मिळाले असतील तर तोही वस्तरा गुळगुळीत दाढी करतो.